नळी बसली, पण फुगा तिथेच

पित्ताशय काढलं की टाके सुकेपर्यंतच डॉक्टरांची गाठ पडते. अपेंडिक्स, हर्निया, मोतीबिंदू, यांचंही तेच. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्यावर जांघेतून नळी घालून उपचार करून घेतलेल्या माणसाचा अनुभव मात्र वेगळा असतो. दोन-तीन दिवसांत तो आपल्या पायांनी घरी जातो, आठवड्याभरात कोपऱ्यावरच्या पारापर्यंत फेरीही मारतो. आणि तरीही महिन्याने सीटी स्कॅन, वर्षाने पुन्हा स्कॅन, मग दरवर्षी काही ना काही तपासणी, हे त्याच्या पाचवीला पुजलेलं असतं. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणता, मग हे कशासाठी, हा घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. एखादे काका तर "स्कॅनवाल्यांशी साटंलोटं असणार" म्हणून मोकळे होतात.

खरं कारण असं, की या उपचारात रोगट भाग काढून टाकलेलाच नसतो. तो जागच्या जागी ठेवून रक्ताला फक्त वेगळी वाट करून दिलेली असते. ती वाट टिकली आहे ना, आणि जुन्या फुग्यात रक्त पुन्हा शिरत नाही ना, हे पाहण्यासाठी पुढची सगळी यातायात.

फुगा येतो कसा, फुटतो का

हृदयातून निघालेली महाधमनी छातीतून पोटात उतरते, मूत्रपिंडांना फाटे देते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांसाठी दुभंगते. पोटातली तिची रुंदी साधारण 2 सेंटिमीटर. मूत्रपिंडांच्या फाट्यांखालचा भाग फुग्याला जास्त बळी पडतो. वर्षानुवर्षं विडी-सिगारेट ओढणारे, साठी-पासष्टी ओलांडलेले पुरुष, उच्च रक्तदाबाचे रुग्ण, ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हाच आजार होता असे लोक, यांच्यात धमनीच्या भिंतीतले लवचीक तंतू झिजतात आणि ती हळूहळू पसरू लागते. रुंदी 3 सेंटिमीटरवर गेली की त्याला धमनीविस्फार म्हणतात. ओपीडीत सगळे फुगाच म्हणतात, आपणही तेच म्हणू.

फुगा बहुधा दुखत नाही. भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत तो अचानक सापडतो. भिंतीवरचा ताण रक्तदाबाबरोबर वाढतो, तसा व्यासाबरोबरही वाढतो. दाब तोच राहिला आणि व्यास दुप्पट झाला, तर ताणही दुप्पट. त्यात पसरलेली भिंत पातळ झालेली, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. म्हणून पुरुषांत 5.5 आणि स्त्रियांत 5 सेंटिमीटरच्या आसपास पोहोचलेल्या फुग्याची दुरुस्ती सुचवतात. त्याआधी थांबून लक्ष ठेवणं जास्त शहाणपणाचं. फुटल्यावर मात्र बहुसंख्य रुग्ण दगावतात, त्यातले कित्येक तर दवाखान्याच्या दारापर्यंतही पोहोचत नाहीत.

आल्बर्ट आइन्स्टाइनना हाच आजार होता. 1948 मध्ये रुडॉल्फ निसेन या शल्यविशारदाने त्यांचं पोट उघडून फुग्याभोवती सेलोफेन गुंडाळलं. त्यामुळे भोवती कठीण व्रण तयार होईल आणि भिंतीला आधार मिळेल, असा हिशेब होता. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून थोडं जास्त जगले. एप्रिल 1955 मध्ये फुगा फुटला, पुन्हा ऑपरेशन करून घ्यायला त्यांनी नकार दिला आणि 18 तारखेला ते गेले. तोवर पॅरिसमध्ये शार्ल द्यूबो यांनी 1951 मध्ये फुग्याचा भाग काढून तिथे दुसऱ्या माणसाची धमनी शिवून दाखवली होती. पुढे कृत्रिम धाग्याच्या नळ्या आल्या. आजही पोट उघडून करायच्या ऑपरेशनचा गाभा हाच आहे: महाधमनीला चिमटा लावायचा, फुगा उघडायचा, नवी नळी टाक्यांनी शिवायची. हे काम पक्कं होतं, पण साठी-सत्तरीतल्या हृदयाला आणि फुप्फुसांना ते झेपावं लागतं.

आतून दिलेला आधार

7 सप्टेंबर 1990 रोजी ब्वेनोस आयरिसमध्ये हुआन पारोदी यांनी वेगळी वाट धरली. जांघेतल्या धमनीतून गुंडाळलेली कापडी नळी वर सरकवायची आणि फुग्याच्या आत उलगडायची. त्याच्या काही वर्षं आधी खारकीवमध्ये निकोलाय वोलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत हाच प्रकार करून दाखवला होता, पण सोव्हिएत संघातली ती बातमी बाहेर पोहोचायला वेळ लागला.

सायकलचा टायर एका जागी झिजून फुगायला लागला, की दुकानदार नवा टायर न घालता आतून जुन्या टायरचा तुकडा बसवून देत असे. बाहेरचा टायर झिजलेलाच राही, पण हवेचा दाब आता आतला तुकडा पेलत असे. या नळीचं, म्हणजे स्टेंट-ग्राफ्टचं, काम असंच. धातूच्या जाळीवर चढवलेलं कापड दाब पेलतं आणि फुग्याची भिंत मोकळी होते. तिच्यात अडकलेलं रक्त गोठतं, आणि सगळं सुरळीत असेल तर महिन्या-वर्षांत फुगा आक्रसू लागतो.

आता मेख कुठे आहे ते पाहू. ही नळी बहुतेक वेळा टाक्यांनी शिवलेली नसते. तिची जाळी स्वतःहून फुलते आणि भिंतीवर दाबून बसते. म्हणून ती धमनीपेक्षा 10 ते 20 टक्के जास्त रुंदीची निवडतात. अनेक प्रकारांत वरच्या टोकाला बारीक आकडेही असतात. ती बसायला वर मूत्रपिंडांच्या फाट्यांखाली निरोगी धमनीचा किमान दीड सेंटिमीटरचा गळा हवा, काही नळ्यांना एक सेंटिमीटरही पुरतो. गळा आखूड, वाकडा किंवा खालच्या बाजूला फताडा असेल, तर पकड कच्ची राहते. नंतरच्या तक्रारींपैकी बऱ्याचशांचं मूळ या एका जागी असतं. त्यामुळे ऑपरेशनआधीच्या सीटीवर फूटपट्टी लावून केलेली मोजदाद मला प्रत्यक्ष ऑपरेशनइतकीच महत्त्वाची वाटते. नळी बनवणाऱ्यांनी घातलेल्या अटी धाब्यावर बसवून ती कशीबशी बसवली, तर पहिल्या महिन्याचं चित्र छान दिसेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षाचं सांगता येत नाही.

गळती, पण शरीराच्या आत

या उपचाराची सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे एन्डोलीक. नळीच्या बाहेर आणि फुग्याच्या आत रक्त वाहत राहणं. हे रक्त पोटात सांडत नाही, त्यामुळे रुग्णाला काहीच जाणवत नाही. तो मजेत असतो आणि आत फुग्यावर पुन्हा दाब येत असतो.

रक्त येतंय कुठून, यावर पुढचं सगळं ठरतं. पहिल्या प्रकारात ते नळीच्या टोकापाशी, वरच्या गळ्यातून किंवा खाली पायाकडच्या बाजूने, कडेने आत शिरतं. दुसऱ्यात नळीचा काहीच दोष नसतो. फुग्याच्या भिंतीतून कमरेकडे आणि मोठ्या आतड्याकडे जाणारे छोटे फाटे असतात. त्यांना पूर्वी महाधमनीतून रक्त मिळे. ते बंद झाल्यावर शेजारच्या वाहिन्यांतून आलेलं रक्त त्यांच्यातून उलटं वाहत फुग्यात उतरतं. तिसऱ्या प्रकारात नळीचे तुकडे जिथे एकमेकांत बसवलेले असतात तो सांधा निसटतो, किंवा कापडच फाटतं. चौथा प्रकार कापडाच्या छिद्रांतून पाझरण्याचा, तो ऑपरेशनच्या वेळी दिसतो आणि आपोआप थांबतो. नव्या कापडांत तो फारसा राहिलेला नाही. पाचवा जरा चक्रावणारा: गळती कुठेच दिसत नाही आणि फुगा मात्र वाढत राहतो.

पडद्यावर काय दिसतं

सीटीचं टेबल एकदा नव्हे, दोन-तीनदा आत-बाहेर का जातं, याचं रुग्णांना कोडं पडतं. पहिली फेरी डाय, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उजळवणारं औषध, न टाकता होते. धमनीच्या भिंतीत चुना साचलेला असतो, तो डायशिवायही पांढराशुभ्र दिसतो. तो आधीच टिपून ठेवला नाही, तर पुढे गळती म्हणून फसवतो. मग डाय टाकल्यावर लगेच दुसरी फेरी. नळीच्या दोन फांद्या दोन लख्ख ठिपक्यांसारख्या उजळतात, भोवती गोठलेल्या रक्ताचं राखाडी वर्तुळ. त्या राखाडीत वरच्या टोकाला चिकटून एखादा पांढरा ओघळ दिसला, तर रेडिऑलॉजिस्ट सावध होतो. मिनिटभराने तिसरी फेरी, कारण उलट्या वाटेने येणारं रक्त रेंगाळत येतं आणि पहिल्या झटक्यात निसटू शकतं. मागच्या बाजूला मणक्यालगत उशिरा उमटलेला धूसर डाग बहुधा दुसऱ्या प्रकारचा.

त्यानंतर फुग्याची रुंदी मागच्या स्कॅनशी ताडून पाहतात. मागचा स्कॅन हाताशी नसेल, तर इथेच गाडं अडतं. 6 सेंटिमीटर हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. 6.8 वरून 6 झाला असेल तर पेढे वाटावेत, 5.6 वरून 6 झाला असेल तर कारण शोधावं. आपल्याकडे लोक छापील रिपोर्ट जपून ठेवतात आणि सीडी हरवतात. खरं मोजमाप सीडीत असतं.

ताबडतोब बुजवायच्या गळत्या

पहिला आणि तिसरा प्रकार सापडला की फार वाट पाहत नाहीत. महाधमनीचा पूर्ण दाब थेट फुग्यात जात असतो. एका अर्थी दुरुस्ती झालेलीच नसते.

वरच्या गळ्यात गळती ऑपरेशनच्या टेबलावरच दिसली, तर आधी मोठा बलून फुगवून नळीचं तोंड भिंतीवर दाबून बसवतात. तेवढ्याने भागलं नाही, तर आतून जाडजूड धातूचा स्टेंट उघडून भिंतीवर जोर देतात, किंवा वरच्या अंगाला आणखी एक छोटी नळी जोडतात. बारीक मळसूत्री आकडे आतून कापडातून थेट धमनीच्या भिंतीत रोवण्याचीही सोय आता आहे. गळाच पसरल्यामुळे काही वर्षांनी नळी खाली घसरली असेल, तर वर निरोगी जागा उरलेली नसते. तिथे मूत्रपिंडांचे फाटे असतात. मग त्या फाट्यांसाठी खिडक्या ठेवलेली खास मापाची नळी बनवून घ्यावी लागते. ती खर्चिक असते आणि तयार व्हायला वेळ लागतो. खालच्या टोकाची गळती त्या मानाने सोपी, पायाकडची फांदी लांबवली की बहुधा काम होतं. तिसऱ्या प्रकारात निसटलेल्या सांध्याच्या किंवा फाटलेल्या जागेच्या आतून नवी नळी बसवतात.

हे कशानेच जमलं नाही, तर पोट उघडून सगळं काढायचं. हे काम पहिल्याच वेळी पोट उघडण्यापेक्षा अवघड असतं. वर्षानुवर्षं रुतून बसलेले आकडे ओढले तर धमनी फाटते. म्हणून काही सर्जन एक साधी युक्ती वापरतात. 20 मिलीच्या प्लास्टिक सिरिंजचं टोक कापायचं, तो पोकळ दांडा नळीवरून वर सरकवत न्यायचा, जाळी त्यात दबून मिटते आणि आकडे भिंतीतून अलगद सुटतात. लाखांच्या घरातली नळी काढायला काही रुपयांची सिरिंज.

दुसरा प्रकार: हात आखडता घ्यावा

रिपोर्टवर एन्डोलीक हा शब्द वाचून घाबरगुंडी उडालेल्या घरांपैकी बहुतेकांकडे हा दुसरा प्रकार असतो. साधारण 10 ते 25 टक्के रुग्णांत तो आढळतो. त्यातल्या बऱ्याच जणांत काही महिन्यांत ते फाटे आपोआप गोठून बंद होतात आणि सुंठीवाचून खोकला जातो. जे उरतात त्यांच्यातही केवळ या कारणाने फुगा फुटण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे.

म्हणून दिसली गळती की बुजव, ही घाई इथे शहाणपणाची नाही. पाहायचा तो फुग्याचा आकार. तो स्थिर असेल किंवा घटत असेल, तर नुसतं लक्ष ठेवणं हाच उपचार. तो वाढत असेल तर किती वाढल्यावर हात घालायचा, यावर अजून एकवाक्यता नाही. अमेरिकी मार्गदर्शक सूचना 5 मिलिमीटरपेक्षा जास्त वाढ धरतात, युरोपीय सूचना 1 सेंटिमीटरपर्यंत थांबायला सांगतात. मला युरोपीय संयम पटतो, कारण ही गळती बुजवणं वाटतं तितकं सरळ नाही. फुग्याच्या आत त्या फाट्यांची एक पोकळी तयार झालेली असते. एका बाजूने रक्त येतं, दुसऱ्या बाजूने जातं. येणारा एक फाटा बंद केला, तर काही महिन्यांत शेजारचा फाटा मोठा होऊन त्याची जागा घेतो. पोकळीच भरली पाहिजे.

त्यासाठी दोन वाटा. एक धमन्यांतून, केसाएवढी नळी आतड्याच्या किंवा ओटीपोटातल्या धमनीतून वळणं घेत तिथवर नेऊन. दुसरी थेट पाठीतून: रुग्णाला पालथं झोपवतात, मणक्याच्या बाजूने लांब सुई सीटीच्या किंवा एक्स-रेच्या मार्गदर्शनाखाली फुग्यात घालतात. सुईतून रक्त मागे येऊ लागलं की जागा बरोबर लागली. मग धातूच्या बारीक कॉइल किंवा वैद्यकीय गोंद सोडून पोकळी भरतात. गोंद जास्त वाहवला तर आतड्याचा किंवा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून डॉक्टर कारणाशिवाय या वाटेला जात नाहीत.

हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त गोठू न देणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांत ही गळती जास्त काळ रेंगाळते. तरी त्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. फुगा सांभाळता सांभाळता पक्षाघात ओढवायचा.

गळतीपलीकडच्या तक्रारी

पहिल्या काही दिवसांत ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, अंग मोडून येतं. बहुधा हा जंतुसंसर्ग नसतो. शरीराची नव्या कापडाला आणि गोठणाऱ्या रक्ताला ती प्रतिक्रिया असते आणि काही दिवसांत शमते.

जांघेत रक्त साकळणं किंवा गाठ येणं हे लवकर कळतं आणि बहुधा सुटतं. नळीची पायाकडची फांदी वळणावर दुमडली की तिच्यात गुठळी होते. एक पाय एकाएकी गार पडतो, चालताना पोटरी भरून येते. हे पहिल्या काही महिन्यांत जास्त घडतं. गुठळी काढून आत स्टेंट बसवतात. ते जमलं नाही, तर त्वचेखालून दुसऱ्या पायाच्या धमनीतून रक्त आणून देतात. नळी पुरेशी खाली न्यायची म्हणून ओटीपोटाची धमनी बंद करावी लागली असेल, तर चालताना नितंब दुखतात, पुरुषांत लैंगिक अडचणही येते. त्याविषयी संकोचाने कुणी बोलत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत. डायचा भार मूत्रपिंडांवर पडतो. क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल, तर पुढच्या तपासण्यांसाठी डायशिवायची सीटी आणि डॉप्लर सोनोग्राफी यांची जोडी चालते.

नळीला जंतुसंसर्ग होण्याचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण ही सगळ्यात वाईट गुंतागुंत. ती वर्षांनीही होऊ शकते. रेंगाळणारा ताप, पाठदुखी, घटणारं वजन, अशा मोघम तक्रारींनी सुरुवात होते आणि टायफॉइडच्या तपासण्यांत आठवडे जातात. कधी नळी आणि आतडं यांच्यात वाट तयार होते आणि काळी शी किंवा रक्ताची उलटी होते. ज्यांना झेपेल त्यांच्यात नळी काढून टाकावी लागते, ज्यांना झेपणार नाही त्यांना जन्मभर प्रतिजैविकं.

चौकट: नळी बसवलेल्या माणसाने लक्षात ठेवावं

- पोटात किंवा पाठीत अचानक तीव्र कळ, चक्कर, घाम: थेट मोठ्या रुग्णालयात जावं. दारातच "महाधमनीत नळी बसवली आहे" हे सांगावं.
- पाय एकाएकी गार, फिकट किंवा बधिर पडला तर त्याच दिवशी दाखवावं.
- ताप आठवडाभर हटत नसेल, तर कोणत्याही डॉक्टरकडे जाताना ऑपरेशननंतर मिळालेलं नळीचं कार्ड न्यावं.
- कार्ड, ऑपरेशनआधीच्या आणि पहिल्या महिन्याच्या स्कॅनची सीडी एकाच पाकिटात ठेवावी आणि ते पाकीट कुठे आहे हे घरात दोघांना तरी माहीत असावं.
- तंबाखू बंद, रक्तदाब काबूत.

यंत्रावर किती भरवसा

कधी कधी दोष धमनीत किंवा सर्जनच्या हातात नसून नळीतच असतो. अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळालेली अँक्युर नावाची नळी आत नेणारं उपकरण काही रुग्णांत शरीरातच अडकत होतं. 2000 साली कंपनीतल्याच काही जणांनी निनावी पत्र लिहून सरकारी यंत्रणेला ते कळवलं. चौकशीत अडीच हजारांहून जास्त बिघाड दडवल्याचं उघड झालं, त्यांत 12 मृत्यूही होते. 2003 मध्ये गायडंट या कंपनीच्या उपकंपनीने गुन्हा कबूल केला आणि 9 कोटी 24 लाख डॉलर भरले. पुढे नेलिक्स नावाच्या नळीने फुगाच रसायनाच्या पिशव्यांनी भरून गळतीचा प्रश्न मिटवण्याचा दावा केला. काही वर्षांत नळ्या सरकू लागल्या, फुगे वाढू लागले आणि 2019 मध्ये ती बाजारातून मागे घ्यावी लागली.

ब्रिटनमध्ये 1999 ते 2004 या काळात 1252 रुग्णांची विभागणी करून दोन्ही पद्धती पंधरा वर्षं ताडून पाहिल्या गेल्या. पहिल्या तीस दिवसांत नळीच्या बाजूला सुमारे 2 टक्के मृत्यू, पोट उघडण्याच्या बाजूला त्याच्या दुपटीहून जास्त. पुढे हा फायदा ओसरत गेला, आणि आठ वर्षांनंतर पारडं फिरलं. जुना फुगा पुन्हा फुटून होणारे मृत्यू हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. या आणि अशा निष्कर्षांवरून 2018 मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक संस्थेने, ज्यांना उघडं ऑपरेशन झेपतं त्यांना नळी देऊच नये, असा मसुदा काढला. सर्जन मंडळींनी जोरदार हरकत घेतली आणि 2020 च्या अंतिम सूचना मवाळ झाल्या. त्या अभ्यासातल्या नळ्या जुन्या पिढीच्या होत्या, हा हरकतीतला मुद्दा खोटा नव्हता. तरी साठीतल्या धडधाकट, पुढची वीस वर्षं जगण्याची शक्यता असलेल्या माणसाने "मोठी चीर नको" एवढ्याच कारणासाठी नळी निवडू नये, असं मला वाटतं. ऐंशीतल्या, दम लागणाऱ्या आजोबांचा हिशेब अर्थातच वेगळा.

तपासण्यांचं ओझंही आता सगळ्यांवर सारखं टाकत नाहीत. 2019 च्या युरोपीय सूचनांनुसार पहिल्या महिन्याच्या सीटीत गळती नसेल आणि दोन्ही टोकांना किमान 1 सेंटिमीटर पक्की पकड असेल, तर पुढची सीटी पाच वर्षांपर्यंत लांबवता येते. फुगा भराभर आक्रसत असेल तर सोनोग्राफीवरही भागतं. पण कोण या गटात मोडतो हे पहिल्या स्कॅनवरूनच ठरतं, आणि तो चुकवणाऱ्यांची संख्या कमी नाही.